दिवेलागणीची धार

आमच्या घरात बैल बाप्यांचे आणि म्हैस बायांची. बायांची म्हणजे काय, तर शेण काढायचं, कडबा टाकायचा, पाणी पाजायचं, धार काढायची, सगळं बायांनी. चरवी एकदा घरात गेली की ते दूध कुणाच्या ताटात पडणार हे ठरलेलं असायचं. वडील आणि चुलते दूधभाकर खायचे, ते उठले की माझे दोन भाऊ बसायचे. उरलेल्याला विरजण लागायचं, त्याचं लोणी निघायचं, तूप कढायचं, आणि तेसुद्धा त्याच चार ताटांत. आई, काकी आणि मी, आम्हाला ताक. तेही पाणी घालून एवढं वाढवलेलं की वाटीचा तळ दिसायचा. त्यावर आणखी एक रीत होती. धार काढणारीनं त्या दुधाला तोंड लावायचं नाही, लावलं तर जनावर आटतं. ही रीत कुणी काढली असेल? मी पैज लावून सांगते, आयुष्यात कधी धार न काढलेल्या माणसानं!

वडील आणि चुलते वाईट होते असं मात्र कुणी समजू नये. दिवसभर काळ्या रानात बैलांमागं राबणारी माणसं, त्यांना बळ लागतं असं आई म्हणायची, आणि ती खरंच तसं मानायची. आई स्वतः पहाटेपासून राबत होती, पण तिचं राबणं कुणी मोजत नव्हतं, तीही नाही.

आमचं गाव सोनपेठपासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मी नऊ-दहा वर्षांची होते. काकी, म्हणजे चुलत्याची बायको, राणीसावरगावकडची. वयानं लहान, हसरी, आणि लाडानं बोलणारी. तिला तेव्हा सहावा महिना लागला होता आणि संध्याकाळची धार तिच्याकडं होती. एके दिवशी दिवस बुडता बुडता गोठ्यात जाताना ती सरळ गव्हाणीवर जाऊन धडकली. मी आपली फिदीफिदी हसले.

"काकी, एवढी मोठी गव्हाण दिसंना का तुला? आंधळी हाईस का काय!"

तिनं माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. "दिवस बुडाला की मला काईच दिसंना गं. सकाळच्याला दिसतंय, दिवसा दिसतंय, पर अंधारून आलं की समदं काळं. कुणाला बोलू नकोस. माझी आण हाय तुला."

तिच्या माहेरच्या गल्लीत एका बाईला असंच झालं होतं. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली, दुसरी करून घेतली, आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही. तेव्हा दुसरी करायला कुणाची आडकाठी नव्हती. "पोटात लेकरू घिऊन मी कुठं जाऊ?" असं काकी म्हणाली आणि रडायला लागली.

मग मी तिचे डोळे झाले. म्हशीची वगार, तिचं पिल्लू, धरायचं निमित्त करून मी रोज तिच्याबरोबर गोठ्यात जायची. तिचा हात धरून म्हशीपाशी बसवायची, चरवी गुडघ्यांत द्यायची. पुढचं ती कानानं करायची. रिकाम्या चरवीत धार टणटण वाजायची, भरत आली की आवाज जाड व्हायचा, आणि ती बरोबर काठाखाली थांबायची. एक थेंब सांडायचा नाही. परत येताना भरली चरवी मी घ्यायची आणि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची. कुणी बघितलं तर वाटावं, काय माया आहे दोघींची! माया होतीच म्हणा.

हे ओळखलं शेजारच्या मावशीनं. एकटी विधवा बाई, तीन शेळ्यांवर जगणारी. एका संध्याकाळी काकी तिच्या बसलेल्या शेळीवर अडखळली, आणि मावशीनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"रातांधळं झालंय तुला, पोरी. दूध पी, लोणी खा. पंधरा-वीस दिसांत हटतंय."

"मावशी, दूध कुठनं पिऊ?" काकी म्हणाली. तिच्या हाताला दुधाचाच वास येत होता!

मावशी हसली. "मला बी झालतं. मालक गेले, मग शेळ्याच राहिल्या. शेळ्या कोण्या बाप्याला दिसतच न्हाईत बघ, म्हणून त्येंचं दूध मी पिते."

दुसऱ्या दिवसापासून मी काकीच्या मागं लागले. ती काही केल्या ऐकेना. म्हैस आटली तर घराला काय सांगू, म्हणायची. शेवटी मी म्हणाले, "तू पी न्हाईतर मी आईला सांगते." दम भरला म्हणा ना सरळ. तिनं डोळे मिटून, म्हशीच्या पाठीला हात लावून माफी मागितली आणि धारोष्ण दूध प्यायली. रोज एक पेला. चोरच होतो आम्ही, स्वतःच्या घरातले.

आठवडाभरानं आईच्या लक्षात आलं की दूध कमी पडतंय. तिनं सरकी वाढवली, म्हशीवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. जेवायला बसल्यावर चुलते म्हणाले, "म्हैस आटायली. येत्या बाजारी गंगाखेडला नेऊन इकू, अन् गोऱ्हा आणू." म्हैस बायांची होती, पण विकायची की नाही हे बायांना कुणी विचारत नव्हतं. वडिलांनी मान हलवली. झालं, ठरलं.

दाराआड बसलेली काकी एकदम उभी राहिली. मोठ्या दिरासमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी पदर पुढं ओढून आईला म्हणाली. "अक्का, म्हैस इकू नका. ती आटली न्हाई. दूध मी पिते. मला सांजंला दिसंना झालंय." आणि भिंतीला टेकून ती रडायला लागली. आता चुलते काय म्हणतील, तिला गाडीत बसवतील का, एवढंच माझ्या डोक्यात.

आई भाकरी थापत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "कामून रडायलीस? मला बी दिसत न्हवतं. ह्या पोरीच्या येळंला न्हाई, थोरल्याच्या येळंला न्हाई. पोटुशी बाईला सांजंला दिसतच नसतं की."

चुलत्यांनी अगदी हळू विचारलं, "मग वहिनी, तुमी धार कशी काढीत होता?"

"हातानं. धार काय डोळ्यानं काढतेत?"

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "म्हैस राहू द्या. धाकटीला दूध देत जा. रोज."

आई मग हट्टानं द्यायची. काकीसमोर उभी राहून पेला रिकामा होईपर्यंत हलायची नाही. तीन आठवड्यांनी काकी गोठ्याकडं एकटी चालत गेली, माझा खांदा न धरता. तिला मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची. आपण जिंकलो असं वाटून मी गावभर नाचले. भांडून स्वतःसाठीही अर्धा पेला मिळवला. कोण म्हणत होतं धार काढणारीनं पिऊ नये, आता मीच काढत होते आणि मीच पीत होते!

तीन वर्षांनी आईला दिवस गेले. त्या साली पाऊस कमी, म्हैस एकच, दूध थोडं. आई वाटायची: वडिलांना, चुलत्यांना, भावांना, काकीला, काकीच्या लेकीला, मला. तोवर चरवी रिकामी होई. 'धाकटीला द्या' असं वडील म्हणाले होते, ते घरानं अक्षरशः पाळलं. आईचं नाव कुणी घेतलं नाही, तिनंही नाही. मी तर मुळीच नाही.

एका संध्याकाळी मी धार काढून आले, माझा अर्धा पेला भरून घेतला आणि पीत पीत ओसरीवर आईसमोर जाऊन उभी राहिले. अजून चांगला उजेड होता, मला तिच्या कपाळावरचं कुंकू स्पष्ट दिसत होतं. तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि विचारलं, "कोण हाय गं?"

पेल्यात दोन घोट उरले होते. मी खाली बसून ते तिच्या ओठांशी नेले, तर तिनं चाचपून माझा हात बाजूला केला.

"तू पी," ती म्हणाली. "मला न्हाई सवय दुधाची."