ताकानं कुणी झुलतं व्हय?

चंपाबाई नवी नवरी होती, तेव्हा कुडाआडून सासू-सासऱ्याचं भांडण तिच्या कानी पडलं.

"आज बी ढोसून आलात?"

"आईच्यान, ताकाशिवाय काय घेतलं नाय."

"ताकानं कुणी असं झुलतं व्हय?"

नवरीला पदराआड हसू आलं. सासरा झुलत झुलतच गेला. मग तिचा नवरा कडुबाही चाळिशीत तसाच झुलायला लागला. गावानं ठरवून टाकलं, बापाची दारू लेकात उतरली. कडुबानं जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नव्हतं, पण गावाला कुठं पुरावा लागतो?

त्याच्या माघारी चंपाबाई लेकाला, सुदर्शनला, घेऊन गारखेड्यात आली. सुदर्शन घरोघर दुधाच्या पिशव्या टाकायचा. बायको बाळंतपणात गेली. पोर राजनंदिनी आजीनंच वाढवली. पोरीचं लग्नही ठरलं, हर्सूलचं स्थळ. अन् सुदर्शन सपाट रस्त्यावर दुधासकट पडला. जीभ जड झाली, हातात पेला ठरेना. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोल सांभाळणारा मेंदूचा भाग झिजतोय. दोष वडिलांच्या रक्तातून आलाय.

"घ्या," चंपाबाई म्हणाली. "शेत भावकीनं खाल्लं, अन् आमच्या वाटणीला ही इस्टेट."

कुणी हसलं नाही. राजनंदिनीनं विचारलं, "मग माझ्यात?"

"असेल किंवा नसेल. तुझी इच्छा असेल तरच तपासू. औषध अजून नाही."

घरी आल्यावर चंपाबाईनं पोरीचे हात धरले. "माय, औषधच नाय तर कळून करायचं काय?"

"आजी, उद्या मला लेकरू झालं तर? त्याला काय सांगू, ठाऊक नव्हतं म्हणून?"

रक्त दिलं. मग चंपाबाई दिवसभर पोरीची पावलंच बघत बसायची. चप्पल सरकली तरी ही धरायला धावायची. नवस बोलायचीही भीती; देव आजवर ऐकायचा एक अन् करायचा भलतंच.

रिपोर्ट आला. दोष होता.

चंपाबाईनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. "मी तर बाहेरून आलेली, माझं रक्त चांगलंय ना? सगळं काढा अन् हिच्यात घाला. म्हातारीला काय करायचंय?"

"आजी, तसं होत नाही हो," म्हणत बाई तिच्याशेजारी खालीच बसल्या.

राजनंदिनीनं फोन करून मुलाकडच्यांना स्वतःच सांगितलं. "कळवतो" म्हणाले, पुढं काहीच नाही. सुदर्शन दूध टाकून आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. "मीच दिलं," एवढंच म्हणायचा, तेही धड उमटायचं नाही.

डेअरीवाल्यानं दुसरा माणूस बघितला होता. सुदर्शनचा कामावरचा शेवटचा दिवस.

"आज नको जाऊ रे," चंपाबाई म्हणाली.

"लोकांचा चहा अडंल."

थैली पोटाशी धरून, भिंतीला खांदा घासत तो निघाला. चंपाबाई मागं मागं. एका दारात बाई म्हणाल्या, "दादा, उद्या एक पिशवी जास्त द्या, पाहुणे येतायत."

"सांगतो," सुदर्शन म्हणाला. पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवली, कडी वाजवली अन् पुढच्या दाराकडं वळला.