दोन पात्यांची एक पेटी

पहिल्या दिवसापासून मला त्याचा राग होता आणि त्याला माझा. भांडणाचं कारण आम्ही जन्मण्याच्या आधीच घडून गेलं होतं. देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं नांदत, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातल्या रस्त्याची एक कड आमच्या दरबारची, दुसरी त्यांची. माझे वडील थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, त्याचे धाकट्या पातीच्या. दोन्ही घरं मराठी, दोन्हीकडे गणपती बसायचा, आणि दोन्हीकडच्या बायका एकाच भाषेत एकमेकींची निंदा करायच्या.

दुसऱ्या पातीत आधी डॉक्टर होऊ नये म्हणून दोन्ही दरबारांनी एकाच वर्षी एकेक मुलगा, इकडून मी आणि तिकडून तो, परगावी डॉक्टरीच्या शाळेत धाडला. तिथल्या कारकुनाने दोन्ही अर्जांवर देवास हे नाव पाहिलं आणि आम्हाला एक खोली आणि हाडांची एक पेटी दिली. गाववाले म्हणून सोय केली, असं तो हसून म्हणाला. त्या संध्याकाळी माझ्या सोबत्याने खडूने जमिनीवर मधोमध रेघ ओढली.

पहिल्या वर्षी आम्हाला रोगी दिसतसुद्धा नसे. वॉर्डाच्या दारात चपराशी उभा, तो आम्हाला कुत्र्यासारखं हाकलायचा. मास्तरांनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही, एकेकाचे हात उलटेपालटे करून पाहिले. माझ्या नखांवर बोट ठेवून म्हणाले, “ये हाथ लेकर मरीज़ के पास जाओगे?” मग साबण, नखं, कार्बोलिकचं पाणी. ज्यांच्या दंडावर देवीच्या लशीची खूण नव्हती त्यांना तिथेच देवी काढल्या. त्यानंतर वर्षभर हाडं. प्रत्येक हाडाचं लॅटिन नाव, त्यावरचा प्रत्येक खड्डा, आणि ते डावं की उजवं. वर्ष संपल्यावर मास्तर कापडी पिशवीत हात घालायला लावत. आत तीन हाडं. न बघता ओळखायची. एक चुकलं तरी वॉर्ड बंद, वर्ष पुन्हा.

तो माझ्याहून हुशार होता. हे लिहायला आजही हात जड होतो. चिरफाडीच्या टेबलावर आम्हा दोघांना मिळून एक हात मिळाला होता. चाकू त्याच्याकडे असायचा आणि पुस्तक माझ्याकडे. मी नाव चुकीचं वाचलं की तो मान वर न करता दुरुस्त करायचा, बाकीच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात. पोरं हसायची. मी तिथे उभा राहून त्याच्या मानेकडे बघत असे, आणि ती कुठून कापावी हे मला तोवर चांगलं समजलं होतं.

ही पिशवीची परीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर होती. सुट्टीत पेटी वाटून घेतली. त्याने डोकं आणि हात नेले, मी कणा आणि पाय. महिन्याने गावच्या टेकडीच्या पायथ्याशी अदलाबदल करायची असं ठरलं. पायाचा पंजा मास्तरांनी शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकला होता, तो कुणालाच धड येत नव्हता. आणि वरच्या वर्गातली पोरं सांगत, मास्तर घोट्याचं हाड हमखास काढतात.

मी घोट्याची दोन्ही हाडं ठेवून घेतली.

त्याने पायथ्याशी बसून माझं गाठोडं सोडलं आणि एकेक हाड मोजलं.

“घोट्याची कुठे आहेत?”

“नव्हतीच.”

“सुट्टीच्या आधी मी स्वतः बांधली होती.”

“मग तूच हरवली असशील.”

त्याने गाठोडं बांधलं. “तुमच्या बाजूला हेच शिकवतात का?” एवढं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून आमच्या ओटीवर आला. आमच्या घरात त्यांच्यापैकी कुणी पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. वडिलांनी त्याला बस म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला, आवाज न चढवता. दोन हाडं, त्यांच्यावाचून परीक्षा नाही, एवढंच.

वडील पान जुळवत होते. “आमचा मुलगा खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “आणि हाडं हवी असली तर तुमच्या दरबाराला सांगा, नवी घेऊन देतील. का तेवढीही ऐपत नाही राहिली?”

तो गेला. मी आतल्या दाराशी उभा होतो. वडिलांनी पान तोंडात घातलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती आहेत?”

“दोन.”

“नीट ठेव.”

शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा. आदल्या संध्याकाळी तो खोल्याखोल्यांतून हाड मागत फिरला. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोण देतो? पिशवीतली पहिली दोन हाडं त्याने हात लावताच सांगितली. तिसरं हातात बराच वेळ फिरवलं. घोट्याचं, म्हणाला. डावं. ते उजवं निघालं.

“माणसाचा पाय हातात धरशील आणि कुठला ते सांगता येणार नाही?” मास्तर म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

नापास झाला तर पैसे बंद, अशी दोन्ही दरबारांची अट होती. दोन दिवसांनी त्याने ट्रंक बांधली. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. पूर्ण खोली माझी झाली. दाराशी थांबून तो म्हणाला, “रोग्याला तरी खोटं सांगू नकोस.”

वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापाशी उभं केलं. मी धुतलेले गार हात थेट त्याच्या पोटावर ठेवले. त्याने माझं मनगट धरून बाजूला फेकलं. “पेलां पूछ तो सही, भिया!” विचारायचं काय आणि कसं, हे वर्षभरात मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माळवी मी कधी कान देऊन ऐकली नव्हती. माझा खोलीतला सोबती मात्र देवासच्या बाजारात म्हाताऱ्यांशी त्यांच्याच बोलीत तासन्‌तास बोलायचा. मास्तरांनी मला आठवडाभर भिंतीशी उभं राहून नुसतं बघायला सांगितलं.

पुढे मी थोरल्या पातीच्या दवाखान्यात डॉक्टर झालो. एका वर्षी बागलीच्या वाटेवरच्या एका गावात देवीची साथ आली. त्या गावातली अर्धी घरं आमच्या पातीची, अर्धी त्यांची. मी पोचलो तेव्हा आमच्या घरांची दारं लावलेली. पलीकडे चिंचेखाली बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात आमच्या बाजूच्याही होत्या. देवी काढणारा तोच होता. केस पिकले होते, अंगात धाकट्या पातीचा मळका डगला. एका रडणाऱ्या पोराशी तो माळवीत काहीतरी बोलला आणि पोर रडता रडता हसलं.

मी पुढे झालो. माझ्यामागे चपराशी, त्याच्या हातात माझी बॅग. माझा जुना सोबती माझ्याकडे एकदा बघून पुन्हा कामाला लागला.

“आमच्या घरांतल्या मुलांची यादी लागेल,” मी म्हणालो.

“दंड धरा,” तो म्हणाला. “घट्ट. हलू देऊ नका.”

चपराशी बघत होता. मी खाली बसलो आणि दंड धरला. मग दुसऱ्या पोराचा, मग तिसऱ्याचा. ऊन कलेपर्यंत मी दंड धरत होतो आणि तो त्यावर लस ओरखडत होता. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याने पुढच्या बाईला हाक मारली. काम संपल्यावर त्याने हत्यारं उकळत्या पाण्यात घातली, पुसली, डब्यात ठेवली. मग घोड्यावर बसला आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागला.