कॅनडाला जायचं तर आधी आसगाव

भंडाऱ्याच्या बसस्थानकावरून पवनीच्या एसटीनं कॅनडाला निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. कांचनताई निघाली होती. हातात प्लास्टिकची फाइल, डब्यात पोळ्या अन् जवसाची चटणी. मी सोबत, कारण कागद मागताना ताईचा आवाज खाली जातो आणि माझा वर जातो.

कांचनताई माझी आत्येबहीण. नाटकाचे पडदे रंगवते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई (जत्रा) भरते, मंडईला नाटक लागतं आणि नाटकाला पडदे. राजमहाल, जंगल, तुरुंग, गावचा रस्ता. वीस फूट कापडावर सरसात रंग कालवून ती चौदा वर्षं हेच करते आहे. आता बरीच गावं फ्लेक्स छापून आणतात. तिकडे कॅनडात नाटकाचं नेपथ्य करणाऱ्या एका बाईंनी मोबाइलवर ताईच्या जंगलाचे फोटो पाहिले आणि कळवलं, की असं हातानं रंगवणारं माणूस आमच्याकडे मिळत नाही, तू आलीस तर काम कमी पडणार नाही. त्या देशात कलावंताला, खेळाडूला नोकरी नसली तरी स्वतःच्या कामावर कायमचं राहायला जाण्याचा एक मार्ग आहे. फक्त ते काम तुम्ही स्वतः, तुमच्या नावानं केलंत याचा पुरावा लागतो. "हा मार्ग कधी बंद होईल सांगता येत नाही. सोमवारी अर्ज गेलाच पाहिजे," असं नागपूरच्या एजंटनं बजावलं होतं. आम्ही निघालो तो गुरुवार होता.

आसगावला उतरून पुढच्या खेड्यात ऑटोनं गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनी जेवू घातलं. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (धानाच्या वाफ्यांमध्ये) पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे गोल ढीग, रचून ठेवलेले. नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी समाजमंदिर उघडलं, दोघांनी बांबूला गुंडाळलेला पडदा खाली घेतला आणि सोडला.

जंगल उलगडलं. मधोमध धबधबा, डावीकडे मोहाचं झाड, त्याच्या सालीवर चढणारे मुंगळेसुद्धा. हा पडदा मी ताईच्या घरी जमिनीवर पसरलेला पाहिला होता, टांगलेला कधीच नाही. मी पाहतच राहिले. मग माझी नजर उजव्या कोपऱ्यात गेली. झोकदार अक्षरांत लिहिलं होतं: दिलीप पेंटर, भंडारा. खाली मोबाइल नंबर.

"हे कोणी लिहिलं?" मी ताईला विचारलं.

"मीनंच. दादाले अक्षर साधत नाही."

दिलीपदादा तिचा मोठा भाऊ, भंडाऱ्यातलं पेंटिंगचं दुकान त्याच्या नावावर. फोन तो घेतो. गावाशी बोलणी तो करतो. पंधरा-वीस दिवस ताई रंगवते आणि मंडईच्या दिवशी दादा पडदा घेऊन जातो, टांगतो, शाल-नारळ घेऊन येतो. आणि प्रत्येक पडद्यावर त्याचं नाव ताईनं स्वतःच्या ब्रशनं, मन लावून लिहिलेलं आहे.

"दिलीपभाऊचा हात म्हणजे हात आहे जी," अध्यक्षकाका म्हणाले. "पाणी पाहा, अंगावर येते."

"हात हिचा आहे, काकाजी." मी ताईकडे बोट दाखवलं.

"हो ना, बहीणबी मदत करते म्हणे."

अर्ध्या तासात त्यांनी लेटरहेडवर पत्र लिहून दिलं. शिक्का ठसठशीत. मजकूर असा, की दिलीप पेंटर यांनी आमच्या मंडळास उत्कृष्ट पडदे करून दिले, त्यांच्या भगिनींचे मोलाचे सहकार्य लाभले.

"सहकार्य?" मी म्हटलं. "दादानं ब्रश धरलेला तुम्ही कधी पाहिला?"

"पोरी, तू कायले भडकून राहिली? मोलाचं लिवलं ना. नुसतं सहकार्य नाही लिवलं."

"काकाजी, तिचं नाव तरी लिहा."

"नाव काय म्हणालीस?"

तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं रंगवलेल्या जंगलासमोर उभे होते, आणि नाव विचारत होते! मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईनं माझा हात दाबला. "थोडी गप बस ना. हा मोर्चा नाही." मग काकांच्या घरी भात आणि बोडीतल्या (गावतळ्यातल्या) मासोळीचा रस्सा जेवलो. झणझणीत होता. रागाच्या भरात मी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी लाखांदूर. तालुक्यातल्या दुसऱ्या एका मंडळाचे सचिव बसस्थानकासमोरच्या हॉटेलात भेटले. आमच्यासाठी आलूपोहे सांगितले, वर तर्री घालायला लावली. माणूस वाईट नव्हता. पण लेटरहेड पिशवीतून काढण्याआधी त्यांनी फोन काढला.

"दिलीपभाऊले विचारून घेतो. मागून कटकट नको." आणि स्पीकर लावला. "दिलीपभाऊ, तुमची बहीण आली आहे. म्हणते, पडदे मीच रंगवले. काय लिवू?"

पलीकडे कुठलीतरी मोटारसायकल गेली. मग दादाचा आवाज आला. "दुकानाचं काम आहे ना जी. काढतो मी. कांचन रंग भरते."

ताई समोरच बसली होती. हातात चमचा तसाच. सचिवांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "घरचं भांडण आमच्या लेटरहेडवर नका आणू बाई. अन् यंदाचा तुरुंगाचा पडदा वेळेवर द्या, म्हणजे झालं."

मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला, एवढं सांगते. तशीच ताईला ओढत मी समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढले. तिकिटाला साकोली म्हटल्यावर कंडक्टर हसला.

"साकोली? ही पवनीले जाऊन राहिली मॅडम. तुम्ही भांडतच चढल्या, मी म्हटलं कायले विचारा."

पुढच्या फाट्यावर उतरलो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत तासभर उन्हात उभ्या राहिलो. रस्त्याला लागून तलाव होता. दोन ढीवर (मासेमारी करणारे) डोंग्यातून जाळं ओढत होते. एकजण ओरडला, "गाडी चुकली का जी?" मी हो म्हटलं. "बसा मंग, मासोळ्या पाहा!"

जाळ्याकडे पाहत ताई म्हणाली, "सगळ्यात वाईट काय झालं सांगू? दादा फोनवर बोलला ना, तेव्हा मलेबी घडीभर खरं वाटलं. म्हटलं, काढत असन बाप्पा दादाच."

मी आजवर कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. चौकात उभं राहून वाटली आहेत, पोलिसांच्या हातातही दिली आहेत. हे वाक्य त्यांतल्या एकातही नव्हतं. चौदा वर्षं स्वतःच्या हातानं दुसऱ्याचं नाव लिहायला लावलं, की आपला हात आपला वाटत नाही. हे तिच्या स्वतःच्या घरात घडलं आणि गावोगावच्या मंडळांनी त्याच्यावर शिक्के मारले. कुणी वाईट नाही म्हणे. सगळे प्रेमळ, सगळे जेवू घालणारे. मला या प्रेमळपणाचा संताप येतो.

साकोलीला मावशीकडे राहून शनिवारी सकाळी एकोडी गाठली. मंडळाची माणसं धानाच्या कामात, शेतावर. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघीच बसलो होतो. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात डोक्यावर टोपलं घेतलेल्या एक बाई थांबल्या, ताईकडे निरखून पाहिलं आणि टोपलं खाली ठेवलं.

"राजवाडावाली ना वं तू? रंग कालवाले मायं गंज नेलं होतं. अजून आणून दिलं नाही!"

गंज म्हणजे पातेलं, आणि या सुमनबाई, गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. एकोडीचा राजमहाल ताईनं याच व्हरांड्यात बसून रंगवला होता, तो पडदा तीस फुटांचा, घरी मावेना म्हणून. पंधरा दिवस. सुमनबाईंनी हाका मारल्या आणि पाहता पाहता दहा-बारा जणी जमल्या.

"हिचा भाऊ तं मंडईच्या दिशीच आला," एक म्हणाली. "नारळ घेतला अन् गेला."

"दुपारची भाकर मायाच घरून जाये हिले."

"अन् मायी सासू त्या महालाले पाया पडे! म्हणे, आत देव असन."

मी अर्जाचं सांगितलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुमनबाई म्हणाल्या, "आमच्या गटाचा लेटरहेड आहे, शिक्का आहे. चालन का?"

ढोरं हाकता हाकता शाळेच्या भिंतीशी थांबलेला एक गृहस्थ ऐकत होता. "बचत गटाचा शिक्का कॅनडात चालन का वं?"

"तुमचा चालते का तिथं?" सुमनबाईंनी विचारलं, आणि त्यानं ढोरं पुढे हाकली.

पत्र मी लिहिलं नाही. मुद्दाम नाही. त्यांनीच सांगितलं आणि त्यांच्या सचिवबाईंनी लिहून घेतलं. कांचन हिने हा पडदा आमच्या डोळ्यांदेखत, एकटीने, पंधरा दिवसांत रंगवला. आम्ही रोज पाहिले. खाली बारा सह्या आणि एक अंगठा. 'सहकार्य' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. निघताना सुमनबाई म्हणाल्या, "जाय बाई. पण गंज धाडून दे आधी."

दुपारच्या गाडीनं भंडाऱ्याला परतलो. दादा दुकानातच होता. तुरुंगाच्या पडद्याचं कोरं कापड भिंतीवर ताणून ठेवलेलं. ताईनं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं.

"या बायांले पेंटिंगमधलं काय समजते?"

"कोणी केलं, एवढं समजते."

"तू जाशीन तं दुकानाचं काय? मायं नाव काय राहीन गावोगावी?"

"तुयं नाव मीनंच लिवलं ना दादा."

दादा खुर्चीत बसला. मी भांडायला तयार होऊन आले होते, मुद्दे मनात लावून. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. कोऱ्या कापडाकडे पाहत होता. मग म्हणाला, "मले तं झाडाचं पानबी काढता येत नाही, कांचन."

"तेच लिहून दे," ताई म्हणाली, आणि फाइलमधून एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

हे लिहिते आहे तो रविवार. कागद अजून दुकानाच्या टेबलावर आहे. दादानं त्यावर तारीख टाकली आहे, पुढे काही नाही. उद्या अर्ज जाणार, त्याच्या कागदासह किंवा त्याच्याशिवाय. तिकडचा अधिकारी एकोडीच्या बारा सह्या आणि एका अंगठ्याला किती किंमत देईल, मला माहीत नाही. नाही दिली तर त्यालाही पत्रक पाठवीन. पण तीन दिवस फिरून मला एवढं पक्कं कळलं, की ताईला परदेशात जागा मिळणं सोपं आहे, आपल्या जिल्ह्यात तिच्या नावाला जागा मिळणं कठीण. ती गेलीच, तर पहिल्या दिवशी लोक काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: दिलीप पेंटरची बहीण कॅनडाला गेली. असं म्हणणाऱ्याला मी भर रस्त्यात थांबवणार आहे. मग तो कितीही प्रेमळ असो.