आतून झिजलेली चाकं

माझी मुलगी आठ वर्षांची झाली आणि तिला स्केटिंगचं वेड लागलं. पिपरी मेघे गावात आमच्या लेआउटमधला, म्हणजे वसाहतीतला, सिमेंटचा रस्ता तेव्हा नवाच होता. रोज सकाळी सहाला एक तरुण सर तिथे दहा-बारा मुलांना शिकवायचे. मी सरकारी कचेरीत लिपिक. सकाळी नळ, डबे, आवराआवर यातून मला डोकं वर काढायला फुरसत नसायची, म्हणून तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्या सासऱ्यांनी आपणहून घेतलं. त्यांचं सारं आयुष्य बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकी करण्यात गेलेलं.

पहिल्याच महिन्यात एक चाक करकरायला लागलं. त्यांनी नट काढून चाक हातात घेतलं, तर आतल्या बेअरिंगला धूळ, बारीक रेती आणि कुणाचे तरी लांब केस गुंडाळलेले. तेव्हापासून दर रविवारी अंगणात त्यांचं दुकान मांडलं जायचं. जुन्या ताटलीत रॉकेल, त्यात बुडवलेल्या बेअरिंग्ज, शेजारी दात घासायचा जुना ब्रश. धुऊन, कापडावर वाळवून ते प्रत्येकीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडायचे. मग चाक बोटानं फिरवून कानाजवळ धरायचे. "आवाज नाई आला पाह्यजे," नातीला सांगायचे, "आवाज आला म्हणजे अजून घाण हाय."

वर्षभरात चाकं बदलावी लागली. नवी चाकं महिन्याभरातच झिजलेली दिसली, तेव्हा मी चिडले. त्याच आठवड्यात सरांनी फोन केला होता. मुलगी डावा पाय फरफटत नेते, शंभरदा सांगूनही उचलत नाही, म्हणून तिला मागच्या रांगेत टाकलं होतं. संध्याकाळी मी तिला समोर उभं केलं.

"काऊन घासतेस पाय? लक्ष कुठे असते तुझं?"

"मी उचलते गं आई," ती म्हणाली, "तो आपोआप आत जाते."

"पाय काय आपोआप जाते? बहाणे करू नको!"

ती जेवली नाही. मीही मनावर घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत तपासणी होती.

सासरे हे सगळं ऐकत होते. त्यांनी दोन्ही स्केट्सची चाकं उलटसुलट केली, आतल्या बाजूची जोडी बाहेर, बाहेरची आत. पंधरा दिवसांनी रविवारी मला हाक मारली.

"सूनबाई, जरा इकडे ये. याच्यावर बोट फिरव."

मी डाव्या स्केटच्या आतल्या चाकावर बोट फिरवलं. एका बाजूला उतार आला होता, कुणी कानशीनं घासल्यासारखा. उजव्या स्केटचं चाक जवळजवळ सपाट होतं.

"हे चाक मी बाहेरून आत टाकलं होतं," ते म्हणाले. "तरी पुन्हा आतूनच झिजलं, आन् तेही एकाच पायाचं. बसचा टायर एका बाजूनं झिजून राह्यला असन, तं आमी टायरले दोष देत नव्हतो, चाक वाकडं बसलं का ते पाहत होतो. पोरगी खोटं नाई बोलत. तिच्या पायाले तकलीफ हाय. तिले दवाखान्यात घेऊन जा."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला अनवाणी उभं केलं आणि मला मागून बघायला सांगितलं. डाव्या पायाचा घोटा आतल्या बाजूला कलला होता, तळव्याची कमान पार बसलेली. रोज तिला आंघोळ घालणारी मी, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. बुटात घालायला कमानीला आधार देणारा खास सोल आणि रोजचे व्यायाम एवढाच इलाज होता. "बरं झालं लहानपणीच आणलंत," डॉक्टर म्हणाले. मला मात्र तिनं न जेवता काढलेली ती संध्याकाळ आठवत होती.

परतताना ऑटोत मी तिला म्हटलं, "माझं चुकलं बाई. तू खरं सांगत होतीस."

ती बाहेर बघतच म्हणाली, "आता सरांना तू सांगशील?"

मी दुसऱ्याच दिवशी सकाळची कामं टाकून तिच्याबरोबर गेले आणि सरांना सगळं सांगितलं. सर कमालीचे ओशाळले. त्यांनी सगळ्या मुलांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "माझी चूक झाली, बेटा." ती लाजून लाल झाली. वर बघेना. मग हळूच म्हणाली, "सर, सुरू करू का?"

पाय सुधारायला दोन वर्षं लागली. रोज संध्याकाळी टाचा उचलण्याचा व्यायाम ती कंटाळत करायची आणि आजोबा समोर खुर्चीत बसून मोजायचे. शर्यतीत ती कधी पहिली आली नाही. एकदा तिसरी आली, त्या दिवशी सासऱ्यांनी लेआउटभर पेढे वाटले.