शाळेमागच्या लिंबाखालचं पाणी

आता तुम्हीच सांगा, पोरांनी मन लावून ऐकावं म्हणून बाईनं गोष्टीला जरा तिखटमीठ लावलं, तर तेवढ्यावरून गावानं टिकाव-खोरी उचलायची असतात का? आमच्या गावानं उचलली. घ्या, चहा घेता घेता ऐका.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहून गेला होता. रेणापूरजवळच्या एका खेड्यात मी दुसरीच्या वर्गावर नवीन बाई म्हणून रुजू झाले. अर्धा वर्ग टँकरच्या रांगेत, उरलेला अर्धा बाराखडी म्हणायचा, तीही मयतीला आल्यासारखी. अक्षरं सगळ्यांना यायची. पण जोडून वाचा म्हटलं की सगळे खाली बघायचे. पंचशीला नावाची एक मुलगी तर तोंडच उघडायची नाही. तिची आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची आणि ही दिवसभर माझ्याकडं टक लावून बसायची.

अशात गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी आली. प्रत्येक पुस्तकावर नव्या जिल्ह्याचा गोल जांभळा शिक्का. पोरांना पुस्तकापेक्षा शिक्काच आवडला.

मी पहिलीच गोष्ट काढली. राजाची बाग, बागेत जांभळाचं झाड, झाडाखाली एक बेडूक जमिनीला कान लावून बसलेला, कारण आत झरा वाहतोय. पोरं जांभया द्यायला लागली. राजा कुणी पाहिलाय? बाग तरी कुणी पाहिलीय?

मग मला अक्कल सुचली. पुस्तक तसंच हातात धरून मी राजाच्या जागी आपले सरपंच घातले, बागेच्या जागी शाळेमागचं मैदान, आणि जांभळाच्या जागी त्या मैदानातला कडुलिंब. काय सांगू, वर्ग असा ताठ झाला की बास. "परत वाचा" म्हणून तीच गोष्ट तीनदा वाचून घेतली. दर वेळी मी पाणी थोडं थोडं वर आणलं. शेवटी ते कमरेएवढ्या खोलीवर आलं. मी खूश होऊन शनिवारी एसटीनं आईकडं लातूरला गेले.

सोमवारी परत आले तर फाट्यावरचा चहावाला हात जोडून म्हणाला, लई उपकार झाले बाई. मला वाटलं, पोरांच्या अभ्यासाबद्दल म्हणतोय. मीही नम्रपणे म्हटलं, माझं कामच आहे ते.

शाळेमागं जाऊन बघते तर काय! लिंबाखाली पुरुषभर खड्डा. रोजगार हमीची माणसं खणतायत, बाया घमेली देतायत, आणि काठावर खुर्ची टाकून सरपंच शिवलिंगअप्पा. पोरांनी घरोघरी सांगितलं होतं की लिंबाखाली पाणी हाय, पुस्तकात लिहिलंय, वर जिल्ह्याचा शिक्का हाय. गावानं अर्थ लावला की नव्या जिल्ह्यानं पाहणी करून कळवलंय.

मी अप्पांना समजावलं की अहो, ती नुसती गोष्ट आहे. अप्पा शांतपणे म्हणाले, "शिक्का मारून सरकार खोटं कशाला पाठवल, बाई?"

"तसं नाही अप्पा, पुस्तकात लिंबाचं काही लिहिलेलंच नाही."

"मग तुमी काय वाचलं?"

आता आली का पंचाईत! अप्पा म्हणाले, आमी पडलो अंगठेबहाद्दर, पुस्तक आणा, वर्गातलंच एखादं लेकरू वाचल. मी पेटी उघडून पुस्तक आणलं. पोरं सगळी एकमेकांच्या मागं लपली. आणि पुढं आली ती पंचशीला.

तिनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "रा... जा... च्या... बा... गे... त." माणसांनी टिकाव खाली ठेवले. तिची आई घमेलं तसंच डोक्यावर घेऊन उभी राहिली. "जां... भू... ळ." पोरगी थांबली. परत वाचलं. मागचं पान उलटून बघितलं, पुढचं बघितलं. लिंब कुठंच सापडेना. तरी तिनं गोष्ट शेवटपर्यंत ओढत नेली, एकही अक्षर न गाळता. माझे डोळे भरून आले. इतके दिवस मुकी बसलेली माझी पोरगी वाचत होती!

पुस्तक मिटून तिनं माझा पदर ओढला आणि काळजीनं विचारलं, "बाई, तुमाला वाचाय येत न्हाई का?"

हळूच विचारलं म्हणता? खड्ड्याच्या तळापर्यंत ऐकू गेलं. खड्ड्यातून कुणीतरी हसलं, मग सगळा गाव हसला. अप्पा उठून उपरणं झटकत म्हणाले की असू द्या, जिल्हा नवा हाय, बाई बी नव्याच, शिकतील हळूहळू.

त्याच संध्याकाळी पंचशीला माझ्या खोलीवर आली. म्हणाली, घाबरू नका, मी शिकवते, कुणाला सांगत न्हाई. आणि खरंच रोज यायला लागली. हळूहळू बाईंना शिकवायला आणखी चारपाच जणी आल्या. पुस्तक त्या वाचायच्या, मागनं मी म्हणायची. मी मुद्दाम चुकायची, त्या कपाळाला हात लावायच्या. पेटीतलं शेवटचं पुस्तक संपेपर्यंत मला काही धड वाचता आलं नाही बघा.

वार्षिक परीक्षा झाल्यावर पंचशीला हेडमास्तरांकडं गेली आणि दार लोटून घेऊन माझी शिफारस करून आली, "गुरुजी, आमच्या बाईला वर ढकला. कष्टाळू हायेत, पण डोकं लई जड हाय."