लेंटमधला पांढरा रस्सा

शेजारून आज पांढऱ्या रश्शाचा वास आला आणि मी हातातलं पुस्तक मिटलं. सात वर्षांपूर्वीही असाच आला होता. पत्नीची, सुशीलाची, तिसरी केमो झाली होती आणि पाच दिवस तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. लेंट, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता. ती बरी व्हावी म्हणून ईस्टरपर्यंत मटणाला शिवणार नाही, असा शब्द मी देवाला दिला होता.

ती एकदम उठून बसली. “अहो, मला रस्सा पायजे.”

मी पातेली घेऊन अनवाणीच शेजारी धावलो. वाटी पुढ्यात ठेवली, तर म्हणाली, “तुमीबी घ्या.”

“माझा उपास हाय की गं.”

“देवानं भूक धाडलीया, आन् तुमी तोंड फिरवून बसताय व्हय? घ्या, न्हायतर मीबी न्हाय खात.”

आम्ही डोळे मिटून आभार मानले आणि जेवलो. तिनं दोन वाट्या संपवल्या.

ती गेल्यावर कितीतरी दिवस वाटायचं, मी शब्द मोडला म्हणून देवानं तिला नेलं. आता वाटतं, तिच्या आजारपणात वर्षभर मी नुसता मागत होतो. त्या दुपारी मात्र त्यानं दिलेलं मी घेतलं.