टीचरअक्कांचं दगडी घर

आर्किटेक्टच्या नकाशावर लाल पेन्सिल चालवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्यांना सगळे टीचरअक्का म्हणत. बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. घराणं कैक पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेली असे. मी तेव्हा नुकताच निपाणीहून येऊन एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो.

अक्कांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरातली खोली सोडून त्यांना स्वतःचं घर बांधायचं होतं, तेही नव्या धर्तीचं : सपाट छप्पर, कोपऱ्यात वळणारी लांब खिडकी आणि बाहेरून सगळीकडे करडा दगड. साहेब म्हणाले, "गिलावा करून रंग देऊ."

"दर दोन वर्षांनी रंगाऱ्यामागे कोण धावणार? मी एकटी," अक्का म्हणाल्या. "दगडच पाहिजे. अन् खिडकी स्वल्प खाली घ्या. बसल्यावर रस्ता दिसला पाहिजे."

दगड निवडायला त्या येलहंक्याच्या पुढच्या खाणीवर स्वतः आल्या. दगड बसवणारा मुनियप्पा मेस्त्री एकेक दगड पाण्याने भिजवून दाखवायचा. चष्मा काढून, अगदी जवळ जाऊन त्या बघायच्या. "हा ओला झाला की काळा पडतो. नको." दुपारपर्यंत मेस्त्री न विचारताच असे दगड बाजूला सारू लागला.

घर सुरेख झालं. पण पहिल्या पावसाळ्यानंतर दगडांच्या सांध्यांतून तांबूस ओघळ उतरले. दगडांना भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पकडी साहेबांनी पितळी सांगितल्या होत्या. नकाशावर मी घाईत लोखंडी लिहिलं होतं. त्या गंजल्या होत्या.

साहेबांनी मुनियप्पाला कचेरीत बोलावून अक्कांसमोरच झापलं. स्वस्तातला माल घातलास, म्हणाले. मेस्त्रीला वाचता येत नव्हतं. "दिलं तेच बसवलं, सामी," एवढंच तो म्हणाला. मी माझ्या टेबलापाशी पट्टी पुसत राहिलो.

अक्कांनी नकाशा मागून घेतला, वाचला, घडी घालून परत ठेवला. निघताना माझ्यापाशी थांबल्या.

"अक्षर तुझं आहे. मी सांगू, की तू सांगतोस?"

"मी सांगतो, अक्का."

"सरी, ठीक. आत्ताच साहेबांकडे जा. म्हातारा मेस्त्री बाहेर पायरीवर बसलाय."

मी सांगितलं. नोकरी राहिली, पण साहेब महिनाभर माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. दर्शनी भिंतीचे सगळे दगड खडूने आकडे घालून उतरवले आणि पितळी पकडींवर पुन्हा चढवले. तीन आठवडे मी मुनियप्पाच्या हाताखाली उभा होतो. तो मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. अक्का कॉफी आणायच्या, तेव्हा पहिला पेला त्याला, दुसरा मला.

सहा-सात वर्षांनी, शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीच, टीचरअक्का अचानक गेल्या. निरोप घेऊन मुनियप्पाच कचेरीत आला. आम्ही दोघं तसेच निघालो. अंगणात त्यांच्या नात्यातली माणसं दाटली होती. दारातल्या एका तरुणाने आम्हाला अडवून विचारलं, आपण कोण?

मुनियप्पाने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"नावु मनेयवरु," तो म्हणाला. आम्ही घरचीच माणसं.

तरुण बाजूला झाला.